वजन उतरले, खडे उरले

वजन कमी करायचे ठरवले की सगळे लक्ष काट्याकडे असते. काटा खाली आला की आपण खूश, घरचेही खूश. पण वजन किती उतरले याइतकेच ते किती वेगाने उतरले हेही महत्त्वाचे असते. हे मला 43व्या वर्षी सोनोग्राफीच्या खोलीत कळले.

माझे वजन 82 किलो होते. अब्बांचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली कापावा लागला होता. माझीही साखर उंबरठ्यावर आल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा वजन कमी करणे ही माझ्यासाठी हौस राहिली नाही. एका आहार केंद्रात नाव घातले. तिथे दिवसाला 800 कॅलरींचा तक्ता मिळाला. सकाळी फक्त पेय, दुपारी काकडी-टोमॅटो आणि अंड्याचा पांढरा भाग, रात्री सूप. तेल-तूप पूर्ण बंद. नऊ आठवड्यांत 14 किलो उतरले. कपडे शिवून आत घ्यावे लागले. नात्यातल्या बायका विचारू लागल्या, "आपा, आम्हालाही सांगा ना!"

दहाव्या आठवड्यात चुलतभावाच्या वलीम्यात दोन घास बिर्याणी खाल्ली. मध्यरात्री उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली, ती पाठीतून खांद्याच्या पात्यापर्यंत गेली. घाम फुटला, उलट्या झाल्या. सासूबाईंनी ओवा दिला. कुणी म्हणाले गॅस, कुणी म्हणाले नजर लागली. तीन तासांनी दुखणे आपोआप थांबले. चार दिवसांनी तीच कळ पुन्हा उठली तेव्हा आम्ही थेट दवाखाना गाठला. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. पित्तरस यकृतात तयार होतो आणि पित्ताशयात साठतो. जेवणात स्निग्ध पदार्थ आले की पित्ताशय आकुंचन पावते आणि रस आतड्यात सोडते. वजन झपाट्याने उतरते तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते. त्यात तेल-तूप बंद असेल, तर पित्ताशय नीट रिकामे होत नाही. साचलेल्या पित्तात खडे धरतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरले की हा धोका वाढतो. बायकांमध्ये, चाळिशीनंतर आणि घरात कुणाला खडे असतील तर तो अधिकच असतो.

खडे असूनही त्रास नसेल, तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. पण मला कळा येत होत्या. खडा नळीत अडकला तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. म्हणून दुर्बिणीतून पित्ताशय काढले. दुसऱ्या दिवशी घरी आले, अल्हम्दुलिल्लाह.

भेटायला आलेल्या प्रत्येकीचे म्हणणे एकच, "कशाला पडलीस या डाएटच्या फंदात? आता पोटभर जेव." मायेचे बोलणे होते, पण माझ्या डोळ्यांसमोर अब्बांची कुबडी होती. डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, "वजन कमी करणे सोडू नका, घाई सोडा."

आता घरातलेच जेवण आहे. ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी, मासे, प्रत्येक जेवणात बेताचे तेल. संध्याकाळी अर्धा तास चालते. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ. कधी तेवढेही उतरत नाही. पण साखर खाली येत आहे.

भगिनींनो, कोणी महिन्यात दहा किलो उतरवून देण्याचा वायदा केला, तर आधी आपल्या डॉक्टरांना तक्ता दाखवा. जेवणानंतर उजव्या कुशीत वरच्या बाजूला वारंवार कळ येत असेल, तर सोनोग्राफी करून घ्या. सोबत ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा दुखणे थांबेना, तर सकाळची वाट पाहू नका. घरातल्या बाईचे पोटदुखणे नेहमी स्वयंपाक उरकेपर्यंत थांबते. हे दुखणे थांबवून ठेवण्यासारखे नाही.