जोर संपवणारी ओळ

नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. न्यूटनचा पहिला नियम मुलांना धडाधड म्हणता येतो. पण कॅरमवरचा स्ट्रायकर का थांबला असं विचारलं, की त्याच तोंडातून उत्तर येतं, 'जोर संपला, सर.' हे उत्तर चूक असलं तरी अडाणीपणाचं नाही. ढकललेली प्रत्येक वस्तू थांबते, हेच त्यांनी जन्मापासून पाहिलंय. थांबणं दिसतं, घर्षण दिसत नाही.

म्हणून मी गती कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकवतो. घर्षण अजिबात नसलेली जागा मला शाळेत दुसरीकडे कुठे मिळणार?

कल्पना माझी नाही. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लोगो भाषेत पडद्यावर एक कासव फिरायचं. त्याच परंपरेतल्या अँड्रिया डिसेसा यांनी न्यूटनच्या नियमांनी चालणारं कासव प्राथमिक शाळेतल्या मुलांसमोर ठेवलं आणि 1982 साली त्यावर निबंध लिहिला. या कासवाला फक्त धक्का देता येतो. ते वर चाललंय आणि निशाण आहे उजवीकडे. मुलं बरोबर वेळ साधून उजवीकडे धक्का देतात, आणि कासव तिरकं निघून जातं.

हे कासव मी स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायच्या भाषेत करून घेतलंय. अमेरिकेतल्या त्या मुलांचं जे झालं तेच आमच्याकडे होतं, फक्त आरडाओरडा मराठीत. 'कीबोर्ड खराब आहे' हा पहिला आरोप. अशा वेळी माझं मुख्य काम गप्प बसणं. जरा वेळाने कुणीतरी शोधून काढतं, की जितके धक्के वर दिले तितकेच आधी खाली द्यायचे आणि मग उजवीकडे वळायचं. एकदा ते कळलं की शेजारच्या मशीनवर बातमी पोचायला वेळ लागत नाही.

एक नियम मात्र मी कडक पाळतो. कळ दाबण्यापूर्वी कासव कुठून जाईल ती रेघ वहीत काढायची, तीही पेनाने. पेन्सिल चालत नाही, कारण पडद्यावर उत्तर दिसलं की खोडरबर लगेच बाहेर येतो आणि 'मला माहीतच होतं' सुरू होतं.

तयार सिम्युलेशन्सही आहेत. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी 2002 साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट'मधली कितीतरी मराठीतही मिळतात. त्यातला घर्षण कमी-जास्त करणारा स्लायडर मला फार आवडतो. मुलं आधी सगळे स्लायडर टोकाला नेऊन धुडगूस घालतात, घालू द्यावा. पण या सिम्युलेशन्सच्या पोटात काय चाललंय ते झाकलेलं असतं. आमच्या कासवाचं पोट उघडं आहे. दर क्षणी जागेत वेग मिळवायचा, ही एक ओळ. कळ दाबली तर वेगात एक मिळवायचा, ही दुसरी. मुलं त्यात 'जोर' शोधतात. तो कुठेच साठवलेला नसतो आणि संपतही नाही. कासव थांबायला हवं असेल तर थांबवणारी ओळ कुणीतरी लिहावी लागते. पहिल्या नियमाचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही.

ती ओळ मुलं बहुधा अशी लिहितात: दर वेळी वेगाला 0.95 ने गुणायचं. चौदाएक पावलांत वेग निम्मा होतो. दिसायला छान, पण कासव रेंगाळतच राहतं, ठार थांबत नाही. मग खरा कॅरम काढायचा, बोरिक पावडर टाकायची आणि स्ट्रायकरचं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायचं. तो शेवटी रेंगाळत नाही, चट्कन थांबतो. गुणाकाराचं घर्षण पाण्यातल्या किंवा मधातल्या गोष्टींना जास्त शोभतं. पाटावर घसरणाऱ्या वस्तूचा वेग दर क्षणी जवळपास सारखाच कमी होतो. म्हणजे गुणाकार काढून वजाबाकी टाकायची.

टाकली, की आणखी मजा. कासव हळू होतं, क्षणभर थांबतं आणि उलटं पळत सुटतं, कारण शून्यातूनही वजाबाकी चालूच असते. हसून झाल्यावर एखादी मुलगी म्हणते, 'सर, घर्षण कुणाला मागे थोडंच ढकलतं?' मग 'जर' चा ठोकळा कुठे बसवायचा, यावर दोन बाकांचं भांडण जुंपतं. तेवढ्यात तास संपल्याची घंटा होते आणि कुणीच उठत नाही.