कढईनंतरचं तेल

वणीहून मुकुटबनकडे येणाऱ्या रस्त्यावर कोळशाची आणि सिमेंटची वाहतूक असते, आणि जिथे ट्रक थांबतात तिथे कढई पेटलेली असते. समोसे, भजी, आलुबोंडे. ट्रकमधलं डिझेल या मातीतलं नाही, तसं कढईतलं पामतेलही नाही. आपल्या भोवती सरकी, सोयाबीन, जवस पिकत असूनही ते समुद्रापलीकडून येतं. डिझेलचा शेवट धुरांड्यात होतो, हे दिसतं. तळून तळून काळं पडलेल्या तेलाचा शेवट कुठे होतो, हे मात्र कुणी विचारत नाही. या तेलावर डिझेलचं इंजिन चालवावं या मताचा मी आहे, पण इंधनाचे पैसे वाचतात हे त्याचं दुय्यम कारण. त्या तेलाला माणसाच्या पोटाखेरीज दुसरं गिऱ्हाईक हवं, हे पहिलं.

कायद्यानं हा प्रश्न ओळखला आहे. तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं पंचवीस टक्क्यांहून अधिक झाली की ते वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८पासून लागू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची ‘रुको’ योजना आली. मार्च २०१९पासून तेलाची नोंद ठेवण्याचं बंधनही आलं, पण ते दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणाला वापरणाऱ्यांवर. शहरातल्या मोठ्या हॉटेलांना आणि फरसाणाच्या कारखान्यांना ते लागू पडतं. मुकुटबनसारख्या गावातली टपरी त्या आकड्याच्या आसपासही जात नाही. चार टपऱ्यांचे दोन-तीन डबे उचलायला दूरच्या शहरातून गाडी पाठवणं कुणाला परवडेल? म्हणून हे तेल नियमाच्या जाळीतून खाली गळतं. एक तर त्याच कढईत ताज्या तेलाची भर घालून ते चालू राहतं, नाही तर अधिक गरीब विक्रेत्याच्या कढईत जातं, नाही तर नालीत. गावातलं तेल गावातच खपलं पाहिजे, आणि गावात ते खपवू शकेल असं यंत्र म्हणजे जुनं डिझेल इंजिन.

इंजिनाला तेल चालतं, यात नवं काही नाही. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, आणि फारच थोड्या लोकांच्या ते लक्षात आलं, असं खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी पुढे नोंदवलं. अडचण जळण्याची नाही, वाहण्याची आहे. ४० अंश तापमानाला खाद्यतेल डिझेलच्या जवळजवळ दहापट दाट असतं. नोझलमधून त्याचं बारीक धुकं होत नाही, थेंब पडतात. ते पुरते जळत नाहीत आणि नोझलच्या तोंडावर, पिस्टनच्या रिंगांत काजळी धरते. तेच तेल ८० अंशांपर्यंत तापवलं की बरंच पातळ होतं. म्हणून दोन टाक्या ठेवायच्या: सुरुवात डिझेलवर, इंजिन तापलं की रेडिएटरच्या गरम पाण्यानं ऊन केलेल्या तेलावर जायचं, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर येऊन पंप आणि नोझल धुऊन काढायचे. ही शेवटची पायरी कंटाळा करून गाळली तर सकाळी थंड नळीत तेल बसलेलं असतं आणि इंजिन उठत नाही.

पण या कामातलं खरं कौशल्य पाना-पकडीत नाही, तेल पारखण्यात आहे. विदर्भाच्या माणसाला ही पारख अवघड जाऊ नये. जवसाचं तेल लाकडाला लावलं की हवेशी संयोग होऊन त्याची कडक साय बनते. रंगाला आणि लाकडाला ते त्याचसाठी वापरतात. इंजिनात नेमका हाच गुण दोष ठरतो. न जळलेलं थोडं तेल रिंगांवरून उतरून इंजिन ऑईलमध्ये मिसळतं आणि तिथे त्याचा चिकट गाळ होतो. जवस या बाबतीत सगळ्यात वाईट, त्यामागे करडई, मग सोयाबीन; सरकी जरा बरी, भुईमूग आणखी बरा, आणि पामतेल सर्वांत निर्धोक. मात्र पामतेल थंडीत थिजतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पैनगंगेच्या काठी गारवा उतरला की डब्यात तळाशी पांढरे कण धरतात आणि फिल्टर बंद पडतो. जे चिकटत नाही ते गोठतं, जे वाहतं राहतं ते चिकटतं. यावर एकच एक उत्तर नाही. उन्हाळ्यात पामतेल बिनधास्त वापरावं, हिवाळ्यात त्यात डिझेलचा वाटा वाढवावा, सोयाबीनचं तेल असेल तर इंजिन ऑईल नेहमीपेक्षा लवकर बदलावं.

तळणाच्या तेलात बेसनाची भुकटी, हळद, मीठ आणि पाणी असतं. पाणी सगळ्यांत घातक. ते पंपाला गंज लावतं. तेल कोमट करून उंच पिंपात काही दिवस निवळू द्यावं, वरचं तेवढंच घ्यावं आणि तळाच्या साक्याचा मोह धरू नये. गरम तव्यावर थेंब टाकून तडतडला तर पाणी आहे, पुन्हा निवळायला ठेवावं. त्यानंतर कापड, मग बारीक फिल्टर. आंबूस, खवट वास मारणारं तेल परत करावं. ‘फुकट आहे तर घेऊन टाकू’ या वृत्तीनं जितकी इंजिनं बिघडतात तितकी तेलाच्या दाटपणानं बिघडत नसतील, असं माझं मत आहे.

‘इंजिन खराब होतं’ हा आक्षेप नव्या गाड्यांबाबत पूर्ण खरा आहे. १ एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत इंधनाचा दाब प्रचंड, नोझलची छिद्रं केसासारखी, आणि काजळीचा फिल्टर जाळून साफ करताना जादा सोडलेलं इंधन इंजिन ऑईलमध्ये उतरतं. डिझेल तिथून उडून जातं, तेल उडत नाही. अशा गाडीत हे तेल घालूच नये. ओळीनं प्लंजर असलेला जुना पंप आणि मंद चालणारं इंजिन, म्हणजे जुना ट्रॅक्टर किंवा विहिरीवरचं ऑईल इंजिन, हीच या तेलाची जागा. रस्त्यावरच्या वाहनांसाठी मान्यता आहे ती आयएस १५६०७ प्रमाणाच्या बायोडिझेलला, कच्च्या तेलाला नाही. तो नियम मला योग्य वाटतो.

मग सरळ बायोडिझेलच का करू नये? कारण त्याला मिथेनॉल लागतं, आणि ते विषारी, ज्वालाग्राही द्रव्य घराच्या अंगणात हाताळण्याजोगं नाही. शिवाय तळून आंबट झालेल्या तेलाचा त्या प्रक्रियेत साबण होतो. ते कारखान्याचं काम आहे. छोट्या प्रमाणावरचं काम गावानं कसं पेलावं, याचा दाखला पैनगंगेपलीकडे आहे. तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यातल्या पॉवरगुडा या गोंड वस्तीत बायकांच्या बचत गटानं करंजाच्या बियांचं तेल काढायचा घाणा चालवला, आणि २००३मध्ये १४७ टन कार्बन डायऑक्साइडच्या बचतीबद्दल जागतिक बँकेकडून ६४५ डॉलर मिळवले. रक्कम लहान आहे. पण त्याच सुमारास जट्रोफानं देशाचं डिझेल भागवण्याच्या मोठ्या योजना कागदावर होत्या आणि त्या कागदावरच राहिल्या. करंज मात्र वस्तीच्या भोवती आधीपासून उभे होते.

एवढ्याशा तेलानं काय होणार, असं कुणी म्हणेल. गावाचं डिझेल भागणार नाही, हे उघडच आहे. वजनाला वजन तोलून पाहिलं तर तेलात उष्णताही दहाएक टक्के कमी असते. खाण्याचं तेल जाळलं जाईल ही भीतीही नको, कारण ताजं तेल डिझेलहून महाग आहे. भीती उलट दिशेची आहे: ट्रॅक्टरवाला दोन रुपये देतो म्हटल्यावर टपरीवाल्याकडून तेच तेल दुसऱ्या कढईसाठी तीन रुपयांना मागितलं जाईल. त्याला उपाय साधा आहे. तेल मोजून पैसे दिले की तिथेच, टपरीवाल्यासमोर, डब्यात डावभर डिझेल ओतावं. इंजिनाला ते हवंच असतं, आणि त्या डब्यातलं तेल त्यानंतर कुणाच्याही कढईत जाऊ शकत नाही.