‘अमॉक’ : एका शब्दाची ओळख

शब्दाची ओळख प्रत्येक वेळीं कोशांतच होते असें नाहीं. कित्येकदां ती आयुष्यांत आधीं होते आणि कोश मागाहून केवळ साक्ष देतो. ‘अमॉक’ ह्या इंग्रजी क्रियाविशेषणाची व आमची ओळख अशाच रीतीनें झाली.

एके सुटीच्या दिवशीं सटाण्यास आरम नदीच्या वाळवंटांत आमचा हुतूतूचा डाव रंगला होता. एका सोबत्यानें थट्टेच्या भरांत आमच्या वडिलांच्या गरिबीविषयीं एक शब्द उच्चारिला. तो आम्हीं मुकाट्यानें गिळला, वरवर हंसलोंही. परंतु घटकाभरानें त्याच सोबत्यानें आमचा पाय धरितांच आमचें भान सुटलें. हातीं लागलेला धोंडा आम्हीं भिरकाविला. तो त्यास लागला नाहीं. भांडण सोडविण्यास धांवून आलेल्या एका लहान मुलाच्या कपाळीं लागला. रक्त पाहिलें तेव्हां आम्ही शुद्धीवर आलों. मधल्या क्षणांचें आम्हांस कांहींएक स्मरत नव्हतें.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं इंग्रजीच्या तासास हा शब्द आला. गुरुजींनीं मराठी प्रतिशब्द विचारला. कोणी म्हणाला ‘पिसाळून’, कोणी ‘चवताळून’, कोणी ‘उधळून’. गुरुजी हंसून म्हणाले, “पिसाळतें तें कुत्रें, चवताळतो तो वाघ, उधळतो तो बैल. माणसाचें काय?” तेव्हां मागील बांकावरून कोणी ‘बेभान’ म्हणाला. फारशी ‘बे’ आणि संस्कृत ‘भान’ यांच्या मिलाफानें झालेला हा शब्द गुरुजींस पसंत पडला.

मग त्यांनीं शब्दाचें कूळ सांगितलें. ‘अमॉक’ हा मूळचा मलायी शब्द. सोळाव्या शतकाच्या आरंभीं दुआर्ते बार्बोसा ह्या पोर्तुगीज लेखकानें जावा बेटांतील लोकांविषयीं लिहितांना त्याची नोंद केली. १७७० सालीं कॅप्टन कुक बटाव्हियास उतरला, त्याच्या वृत्तांतांतही हा प्रकार आढळतो. इंग्रजांस त्याची फोड न कळल्यानें आरंभींचा ‘अ’ हें त्यांनीं आपलें उपपद समजून शब्दाचे दोन तुकडे केले. १८८६ सालीं निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत तो तसाच तुटक छापला आहे. प्रयोगाचीही एक मौज आहे. इतर क्रियाविशेषणें वाटेल त्या क्रियापदाशीं जुळतात. हें मात्र बहुधा ‘धांवणें’ ह्या एकाच क्रियापदाच्या गळ्यांत पडलेलें असतें. कोणी ‘अमॉक’ बसत नाहीं, कीं ‘अमॉक’ बोलत नाहीं. हल्लीं खोडकर मुलें, माजलेलें तण, बिघडलेलीं यंत्रें, सर्वांस हा शब्द लावितात. त्यामुळें त्याची धार बोथट झाली आहे. मूळ अर्थ भयंकर होता : अपमान मनांत कुढत ठेवावयाचा, मग एकाएकीं शस्त्र घेऊन वाटेंत येईल त्यावर धांवावयाचें, आणि जिवंत राहिल्यास झाल्या गोष्टीची आठवणही नसावयाची.

हें ऐकतांना आमची मान खालीं गेली. तरी धीर करून आम्हीं विचारिलें, “मग प्रतापराव गुजर?” आमच्याच बागलाणांतील साल्हेरास १६७२ सालीं मोरोपंत पिंगळे व प्रतापराव यांनीं मोगलांचा मोकळ्या मैदानांत पराभव केला होता. पुढल्या वर्षीं उमराणीस बहलोलखान कोंडींत सांपडला असतां प्रतापरावांनीं त्यास सोडून दिलें. तो पुन्हां उलटला; महाराजांनीं कडक शब्दांत कानउघाडणी केली. ते शब्द जिव्हारीं लागून २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं नेसरीस प्रतापराव अवघ्या सहा स्वारांनिशीं खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण कामास आले.

गुरुजी क्षणभर थांबले. म्हणाले, “बोल लागला, भान सुटलें, येथवर साम्य खरें. त्यांच्या जाण्यानें सेना पोरकी झाली व ती हंबीरराव मोहित्यांस सांवरावी लागली, हेंही खरें. परंतु प्रतापराव शत्रूकडेच धांवले, आणि मोल स्वतःच्या प्राणाचें दिलें. ‘अमॉक’ धांवणाराचें मोल दुसराच कोणी देतो.”

आमचें मोल कोणीं दिलें होतें, हें आम्हांस ठाऊक होतें. त्याच सायंकाळीं आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों. कपाळावर अद्याप पट्टी होती. त्याच्या आईपुढें आम्हांस धड बोलतांही येईना. परंतु त्या माउलीनें कांहीं न विचारतां आम्हांस पाटावर बसविलें व पुढें गूळ-शेंगदाणे ठेविले. तो मुलगा शेजारीं येऊन बसला आणि उद्यां खेळावयास येणार काय, असें विचारूं लागला.

कोशांत ह्या शब्दापुढें कोणताही अर्थ लिहिलेला असो. आम्हांस तो दिसला कीं त्या कपाळावरील पट्टी आठवते. क्रोधाचा बोल गिळून हंसण्यापेक्षां तो लागल्याचें तेथल्या तेथें सांगून टाकावें, एवढा धडा आम्ही त्या एका क्रियाविशेषणापासून शिकलों.