नावं जोडीनं घ्यावीत

वैनगंगेला घाई कधीच नसते. पवनीचे घाट सोडून ती खाली येते, वडसा-आरमोरी मागे टाकते, मार्कंड्याच्या देवळांपाशी क्षणभर उत्तरेकडे तोंड फिरवते आणि चपराळ्याजवळ वर्धेला भेटून प्राणहिता होते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांमधली सीमा बरीचशी तिनंच आखून दिली आहे. माणसांनी ती उशिरा, 26 ऑगस्ट 1982 ला, कागदावर उतरवली.

मेजर प्रफुल्ल अंबादास मोहरकर या नदीच्या वरच्या अंगाचे, पवनी तालुक्यातले. 23 डिसेंबर 2017 रोजी राजौरीच्या केरी भागात, नियंत्रण रेषेवर, पाकिस्तानी गोळीबारात त्यांना वीरमरण आलं. वय अवघं बत्तीस. 2 शीख ही त्यांची पलटण. भातशेतीच्या मुलखातला मुलगा पीर पंजालच्या थंडीत पंजाबी बोलणाऱ्या जवानांचा ‘मेजरसाब’ झाला होता. त्या गोळीबारानं त्यांच्याबरोबर गुरमेल सिंग, कुलदीप सिंग आणि परगट सिंग यांनाही नेलं. इकडे पवनीत, भंडाऱ्यात मेजरांचं नाव घेतात. बाकीची तीन नावं पंजाब-हरियाणातल्या आपापल्या गावी गेली.

एक मुलगा नदीकाठाहून निघून सीमेवर गेला. दुसरा नेमका उलट, दुसऱ्या नदीच्या खोऱ्यातून निघून आमच्या जंगलात आला. पोलिस उपनिरीक्षक धनाजी होनमाने पंढरपूर तालुक्यातल्या पुळूजचे. उसाचा, ज्वारीचा, वारीचा मुलूख तो. डोळे दमतील इतकं मोकळं आभाळ. तिथून भामरागडला यायचं म्हणजे सातशे किलोमीटरहून जास्त रस्ता, आणि अल्लापल्ली ओलांडली की आभाळच आक्रसतं. दोन्ही बाजूंना साग, ऐन, बिजा, मोह. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती जिथं एकमेकींना भेटतात, तिथं हे गाव. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की भामरागड जगापासून तुटायचं. वर्षानुवर्षं ते आमच्या अंगवळणी पडलं होतं. बाहेरून बदलून आलेल्या माणसाला मात्र तो पहिला पावसाळा जन्मभर आठवतो.

17 मे 2020, रविवार. देशभरच्या टाळेबंदीचा तिसरा टप्पा त्या दिवशी संपत होता. शहरं दाराआड बसलेली. जंगल दाराआड बसत नाही. मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. बायाबापड्या उजाडायच्या आत पानं तोडायला निघतात, दुपारी सावलीत पुडके बांधतात, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देतात. वर्षभराच्या मीठमिरचीचा, पोरांच्या वह्यापुस्तकांचा पैसा या पंधरवड्यात हाती येतो. पानं तोडायला निघण्याच्या त्याच सुमाराला, भामरागड तालुक्यातल्या पोयारकोटी-कोपर्शीच्या जंगलात नक्षलवाद्यांशी चकमक झाली. होनमाने तिथं पडले. त्यांच्यासोबत पोलिस शिपाई किशोर आत्राम पडले. आणखी तीन जवान जखमी झाले.

या जंगलातली चाल लांबून कळत नाही. रस्त्यानं गेलं तर सुरुंगाची धास्ती, म्हणून पायवाटही टाळायची. पाठीवर दाणापाणी, हातात हत्यार, बोलणं खुणांनी. उन्हाळ्यात वाळलेला पाचोळा पायाखाली वाजतो आणि पावसाळ्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, म्हणजे कुठलाच ऋतू आपला नाही. 1990 मध्ये गडचिरोली पोलिसांनी सी-60 पथक उभारलं, तेव्हा त्यात इथल्याच मुलांना घेण्यामागं हेच कारण होतं. ज्याला माडिया-गोंडी समजते, कुठला नाला कुठं उतरता येतो हे ज्याला शाळेत शिकावं लागलं नाही, तोच इथं चालू शकतो. या पथकाच्या तुकड्यांना आम्ही ‘पार्टी’ म्हणतो, म्होरक्याच्या नावानं.

आत्राम, मडावी, वेलादी, कुळमेथे ही आडनावं तुम्हाला इथं बाजारात, शाळेच्या हजेरीत, पोलिसांच्या यादीत आणि नक्षलवाद्यांच्या दलमच्याही यादीत भेटतील. या लढाईचं दुखणं तिथंच आहे. बाहेरून आलेला अधिकारी हुकूम घेऊन येतो, तरुण असतो, पुढे राहतो. पण पाऊल टाकतो ते शेजारच्या शिपायाच्या भरवशावर. आणि तो शिपाई आपल्याच मुलखात, कधी आपल्याच ओळखीच्या माणसासमोर बंदूक धरून उभा असतो. दोघांच्या धैर्याची जात वेगळी आहे. एकानं घर लांब ठेवलं, दुसऱ्याला घर जवळ असूनही परकं झालं. कोणाचं जड, हे तोलायला मी बसणार नाही.

21 ऑक्टोबरला देशभरात पोलिस स्मृतिदिन पाळतात. 1959 मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज इथं चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलिस जवान पडले, त्यांच्या आठवणीसाठी. त्या सकाळी वर्षभरात कामी आलेल्यांची नावं वाचली जातात. हुद्दे असतात, पण यादी एकच असते. गडचिरोलीनं ही यादी फार लांबलेली पाहिली आहे. 2009 च्या ऑक्टोबरात लाहेरीजवळ एका दिवसात सतरा जण गेले. त्यांत उपनिरीक्षक चंद्रशेखर देशमुख होते. 2019 च्या महाराष्ट्र दिनी जांभुळखेड्याच्या सुरुंगानं पंधरा जवान आणि त्यांची गाडी चालवणारा माणूस नेला.

हीच 21 ऑक्टोबर चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगातल्या पिंपळालाही ठाऊक आहे. 1858 मध्ये याच तारखेला बाबूराव शेडमाक्यांना इंग्रजांनी तिथं फासावर दिलं. मोलमपल्लीच्या या गोंड जमीनदारानं पंचविशीत सरकारविरुद्ध शस्त्र उचललं होतं. म्हणजे एकाच दिवशी, एकाच शहरात, एकीकडे सरकारच्या वतीनं लढलेल्यांना सलामी आणि दुसरीकडे सरकारशी लढलेल्याला हार. बाहेरच्याला हे विचित्र वाटतं. आम्हाला वाटत नाही. इथल्या माणसानं राज्यं बदलताना पाहिली, मातीसाठी गेलेली पोरं मात्र मोजत राहिला. 2024 मध्ये याच तारखेला कोपर्शीचं जंगल पुन्हा बातमीत आलं. त्या चकमकीत पाच नक्षलवादी मारले गेले. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत असणार. एवढं म्हटल्यानं होनमान्यांचा आणि आत्रामांचा मान उणा होत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती यानं साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. आता रस्ते होतील, खाणी वाढतील, मनोरे उभे राहतील, हेमलकशाला जाणाऱ्या सहली वाढतील. बंदुकीचा आवाज थांबला की विसरायला वेळ लागत नाही. आठवण ठेवण्याचं काम खरं तर आता सुरू होतं, आणि त्यात आपली एक जुनी खोड आडवी येते. आपण अधिकाऱ्याचं नाव चौकाला देतो, छायाचित्र मोठं करतो, आणि शिपायाला ‘अन्य एक जवान’ करून टाकतो. अधिकारी मोठा झाला तो शेजारी कुणी उभं होतं म्हणून. केरीत तसं, कोपर्शीत तसं.

तेव्हा मागणं एवढंच. पवनीच्या शाळेत मेजर मोहरकरांची गोष्ट सांगाल तेव्हा गुरमेल, कुलदीप आणि परगट यांचीही सांगा. पुळूजमध्ये होनमान्यांना हार घालाल तेव्हा किशोर आत्रामांचं नाव घ्या, आणि गडचिरोलीत आत्रामांचं नाव निघेल तेव्हा पंढरपूरकडून आलेल्या त्या तरुण फौजदाराचं. ते एकत्र पडले आहेत. आपण त्यांना वेगळं करू नये.