गर्दीतली चार

वायर चिमटीत धरली की ती दीड चौरस मिलिमीटरची की अडीचची हे सांगता येतं, ही आम्हा वायरमन लोकांची जुनी ऐट. बोटं बोथट व्हायला लागल्यावरच कबूल करावंसं वाटतं की चिमटीला कळते ती पीव्हीसीची जाडी. आत तांबं किती हे तिला कधीच कळत नव्हतं. दुसरी ऐट ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ या जुन्या मापांच्या काळापासूनची: जाड वायर घालणारा प्रामाणिक, बारीक घालणारा चोर. ‘चारची टाकलीय’ असं गिऱ्हाइकाला ऐकवताना माझीही छाती फुगते. पण आता माझं मत असं झालं आहे, की घराच्या वायरिंगमधला पैसा खरा वाचतो तो पाइपांच्या हिशेबात, आणि जाडीचा अभिमान पुष्कळदा पाइपातली गर्दी झाकायलाच कामी येतो.

भिंतीतल्या पाइपात अडीचची एकटी असेल, म्हणजे फेज-न्यूट्रलची एकच जोडी असेल, तर वायरीने किती करंट वाहावा याचा तक्ता तिला २४ अँपिअर देतो आणि चारच्या वायरीला ३२. पण हा तक्ता ३० अंशांचा. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला ४५ अंश धरायलाच हवेत. तिथे साध्या पीव्हीसी वायरीची ताकद ०.७९ पटीवर येते. त्याच पाइपात आणखी दोन सर्किटं कोंबली की पुन्हा ०.७ ने गुणायचं. करून पाहा: गर्दीतली चार १७.७ अँपिअर वाहते, एकटी अडीच १९. साठ टक्के जास्त तांबं विकत घेऊन आपण मागेच पडलो. गर्दीतल्या अडीचचं तर विचारूच नका. ती १३.३ वर येते आणि तिच्या डोक्यावर एमसीबी बसवलेला असतो १६ चा. हा एमसीबी १८ अँपिअरला तासभर गप्प बसला तरी नियमातच आहे, कारण १.१३ पटीपर्यंत त्याने पडायचंच नसतं. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी आणि तेवढ्याच वॅटची किटली एका वेळी लागली की सव्वासतराच्या वर जातात. एमसीबी पडत नाही, दिवे जात नाहीत, कुणाची तक्रार नाही; आणि प्लास्टरच्या आत ७० अंशांसाठी बनवलेलं कवच दिवसेंदिवस कडक होत जातं.

तिन्ही सर्किटं एकदम भाराने चालतात कुठे, असं कुणी म्हणेल. दिव्या-पंख्यांपुरतं ते खरं आहे, त्यांच्या जोड्या खुशाल एकत्र घालाव्यात. पण सकाळी गीझर, शेगडी आणि वॉशिंग मशीन एकाच वेळी चालू असतात, आणि जवळचा रस्ता म्हणून नेमकी हीच तीन एका पाइपात जातात. जाड वायरीने बिल वाचतं, हा दुकानातला युक्तिवाद तर हिशेबात टिकतच नाही: १३ अँपिअरचा गीझर, १५ मीटर अंतर, रोज अर्धा तास धरला तर अडीचऐवजी चार घालून वर्षाला जेमतेम तीन युनिटं वाचतात. मीटरपासून डीबीपर्यंतची (एमसीबीच्या पेटीपर्यंतची) मेन किंवा विहिरीवरच्या पंपाची लांब लाइन, तिथे मात्र हात आखडू नये. हल्लीच्या पोरांना एफआर, एफआरएलएस ही अक्षरं पाठ असतात आणि ती जास्त करंटची वाटतात. ती आग पसरण्याविषयी आणि धुराविषयी आहेत, करंटशी त्यांचा संबंध नाही.

मजुरीचा आक्षेप मात्र वजनदार आहे. जास्त पाइप म्हणजे जास्त झिऱ्या, आणि स्लॅबमधले पाइप तर काँक्रीट पडण्याआधीच ठरतात. शिवाय दोन पाइप एकाच झिरीत चिकटवून बसवले तर ते एकमेकांना तापवतात. मध्ये पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट तरी जागा सोडावी लागते. म्हणून सगळ्या घरासाठी मी हा आग्रह धरत नाही. गीझर, स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीन यांना प्रत्येकी स्वतंत्र पाइप मिळाला तरी बस्स. तांब्याच्या फरकापुढे पाइपाची किंमत किरकोळ आहे. ठेकेदाराला ते नको असतं, कारण पॉइंटच्या दरात पाइप मोजला जात नाही आणि गिऱ्हाइकाला तो दिसतही नाही.

घराचं काम काढलं असेल तर प्लास्टर होण्याआधी एकदा जा, आणि स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पाइपात फेज-न्यूट्रलच्या किती जोड्या शिरल्या आहेत ते मोजा.