फुलापाशी थांबायची सोय

पावसाने उघडीप दिली की मी मेढ्याहून कॅमेरा घेऊन कास पठाराची वाट धरतो. तिथे काढलेल्या फोटोंचा स्लाइडशो आज माझ्या वेबसाइटवर लावला. २०१२ पासून जागतिक वारशात असलेल्या या पठारावरचा तेरडा, सीतेची आसवं, सोनकी. शेवटी वेण्णा नदीचं पात्र. मोजकेच फोटो घेतले. ८ एमबीची एकेक फाइल वेबपी फॉरमॅटमध्ये २०० केबीवर आणली. रेंज कमी असली तरी पान पटकन उघडायला हवं. आपोआप सरकणारी चित्रं ५ सेकंदांहून जास्त चालणार असतील, तर ती थांबवायची सोय द्यावी, असं वेबच्या सुगम्यतेचे निकष सांगतात. मला ते मनापासून पटतं. बघणाऱ्याने एकेका फुलापाशी हवा तितका वेळ रेंगाळावं.