जालन्याला गेलो लॅपटॉप घ्यायला

बालमित्रांनो, जालना म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मोसंबी? बियाणं? की लोखंडाच्या सळया? आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, "जालना, सोने का पालना!" अशा या गावी माझी भाची आणि मी लॅपटॉप घ्यायला गेलो, त्याची ही गोष्ट. २०२५ सालची दिवाळीची सुट्टी नुकती सुरू होती.

भाचीनं दहावीनंतर संगणक शाखेच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. लॅपटॉप तर हवाच. पण त्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं कहर केला होता. दाजींच्या मोसंबीची निम्मी फळं गळून गेली. उरलेली विकून त्यांनी पंचवीस हजार रुपये माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. पैसा वाया जाऊ देऊ नका."

निघताना मी पाहिलं, दाजी ओसरीत ओलं गोणपाट उलगडत होते. आत हरभऱ्याचे शंभर दाणे. त्यातले किती उगवले ते मोजायचं आणि मगच ते बियाणं शेतात पेरायचं. याला उगवण चाचणी म्हणतात. ही चाचणी लक्षात ठेवा हं, पुढं कामाला येणार आहे!

राजूरच्या गणपतीला बसमधूनच हात जोडले आणि जालन्याला उतरलो. मुलांनो, जालना जिल्हा तसा तरुण आहे. १ मे १९८१ रोजी तो वेगळा झाला. शहराच्या मधून कुंडलिका नदी वाहते. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. इथल्या कारखान्यांत भंगार लोखंड वितळवून नव्या सळया करतात. आणि १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथंच 'महिको' ही बियाण्यांची कंपनी सुरू केली.

पहिल्या दुकानात नवे लॅपटॉप होते, पण मनासारखा एकही आमच्या पैशांत बसेना. दुकानदार म्हणाले, "मॅडम, वापरलेला घ्या ना. त्यात विंडोज टेन आहे. अकरा पाहिजे असेल तर तेही टाकून देतो, फुकटात!"

भाचीनं माझा पदर ओढला. "मावशी, फुकटात म्हणजे चोरीची प्रत असू शकते! मला नको."

मला तिचं कौतुक वाटलं. पण मग करायचं काय?

आता थोडं समजून घेऊ. लॅपटॉप सुरू केला की जागी होते ती ऑपरेटिंग सिस्टिम. शाळेत मुख्याध्यापक जसे कोणता वर्ग कुठं बसेल, घंटा कधी होईल ते ठरवतात, तशी ही यंत्रातली सगळी कामं वाटून देते. 'विंडोज १०' ही अशीच एक सिस्टिम. २०१५ साली ती आली. १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. म्हणजे यंत्र चालतं, पण घराच्या कुलपाची डागडुजी थांबते. विंडोज ११ ला नवा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक खास चिप लागते. त्यामुळं कितीतरी धडधाकट जुनी यंत्रं मागं पडली.

दुसरी वाट होती लिनक्सची. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं ती सुरू केली. पुढं जगभरच्या लोकांनी ती वाढवली. तिचे पुष्कळ प्रकार फुकट मिळतात, आणि तेही रीतसर, चोरी न करता! आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं लिनक्सवरूनच 'बॉस' ही भारतीय सिस्टिम तयार केली. केरळातल्या सरकारी शाळांमध्येही मुलं लिनक्सवर शिकतात.

पण आम्ही दोघी तर विंडोजवरच शिकलेल्या. नवी वाट जमेल का? भाचीनं वही काढली. कॉलेजात लागणाऱ्या गोष्टींची यादी तिनं वरच्या वर्गातल्या मुलींना विचारून केली होती : सी, पायथन, जावा, पीडीएफ वाचणं, मराठीत टायपिंग. सगळं लिनक्सवर होणारं! तिची मैत्रीण मात्र सिव्हिलला आहे. तिला ऑटोकॅड लागतं आणि ते लिनक्सवर थेट चालत नाही. तिच्यासाठी विंडोजच बरं.

नदीपलीकडच्या दुसऱ्या दुकानात वापरलेले लॅपटॉप मांडून ठेवले होते. भाचीनं पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला. आम्ही त्यावर शाळेच्या संगणकावरूनच 'लिनक्स मिंट' भरून आणलं होतं. गंमत अशी, की ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. यंत्रातलं काही पुसलं जात नाही. भाची हसून म्हणाली, "मावशी, ही आपली उगवण चाचणी!"

पहिलं यंत्र सुरू झालं, पण त्याला वाय-फाय काही सापडेना. नापास! दुसऱ्यात वाय-फाय, कॅमेरा, आवाज, सगळं ठीक. रॅम ८ जीबी, आत एसएसडी. मी हौसेनं माझी जुनी प्रश्नपत्रिका उघडली आणि दचकलेच. मराठीच्या जागी नुसती चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं!

भाची म्हणाली, "अगं, तू जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंयस. तो फॉन्ट इथं नाही. युनिकोडमध्ये लिहिलं असतंस तर कुठंही मराठीच दिसलं असतं." मग तिनं इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून माझं नाव लिहून दाखवलं. मास्तरीणबाईंना त्या दिवशी विद्यार्थिनीनं शिकवलं म्हणायचं!

अठरा हजारांत सौदा झाला. पावती आणि वॉरंटीचा कागद घेतला. परतताना कुंडलिकेच्या पुलावर मला वाटलं, विंडोज आणि लिनक्स म्हणजे या नदीचे दोन काठच की! युनिकोड, पीडीएफ हे त्यांच्यामधले पूल. पूल पक्का असला की या काठावरून त्या काठावर जायची भीती नाही.

घरी दाजींना उरलेले सात हजार परत दिले. त्यांनी एकच विचारलं, "उगवलं का?" भाची म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखंच आधी तपासून आणलंय."

मित्रांनो, तुमच्या घरी लॅपटॉप घ्यायची वेळ आली, की आधी कामांची यादी करा, मग यंत्र आणि सिस्टिम निवडा. आणि दुकानातच चालवून बघा. कराल ना?